पहिला प्रश्न

आपल्या वडगावला इतिहास आहे. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज येथे कोंडली गेली आणि तिला तह करावा लागला, हे येथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. वक्तृत्व स्पर्धेत मी स्वतः या विषयावर दोनदा बोलले आहे व एकदा बक्षीसही मिळवले आहे. मावळचा माणूस शूर, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु आज मी ज्या विषयावर लिहिणार आहे त्यावर बोलण्याचे धैर्य आपल्यापैकी फारच थोड्यांत आहे. माझ्यातही नव्हते. ते नव्हते म्हणून काय घडले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

विषय आहे गर्भपाताचा. त्यातही चोरून, अडाणी हातांनी केलेल्या गर्भपाताचा आणि त्यानंतर बाईच्या शरीराचे जे हाल होतात त्यांचा. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात असा विषय शोभतो काय, असे काहींना वाटेल. माझ्या एका मैत्रिणीने तर, "त्यापेक्षा पावसाळ्यातल्या लोणावळ्यावर लिही की," असा सल्ला दिला. मला पावसाळ्याविषयीच सांगायचे आहे, फक्त तो पावसाळा सहलीचा नाही.

दोन वर्षांपूर्वीचा आषाढ. नाणे मावळात भाताच्या लावण्या चालू होत्या. आमच्या वाडीतल्या एक मावशी (नात्याने कोणी नव्हेत, पण लहानपणापासून मी त्यांना मावशीच म्हणते) चार दिवस लावणीला आल्या नाहीत. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. लिहू का, एवढे मात्र त्यांना विचारून घेतले आहे. वय चौतीस. तीन लेकरे, धाकटे दीड वर्षाचे. नवरा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला. पाळी चुकली तेव्हा मावशींना तीन गोष्टी 'ठाऊक' होत्या. पहिली, पोट पाडणे हा गुन्हा आहे. दुसरी, सरकारी दवाखान्यात त्यासाठी नवऱ्याची सही लागते. आणि तिसरी, गावातल्या आशाताईंना सांगितले तर संध्याकाळच्या आत ते सासूच्या कानावर जाईल, कारण आशाताई नात्याने नणंद. पहिल्या दोन गोष्टी साफ खोट्या होत्या. तिसरी खरी होती.

म्हणून त्या मंगळवारी शेजारच्या गावातल्या एका म्हातारीकडे गेल्या. तिने काडी घातली. गुरुवारी रात्री हुडहुडी भरून ताप आला. शुक्रवारी जवळच्या दवाखान्यात 'ताप आणि पित्त' म्हणून गोळ्या मिळाल्या. शनिवारी सकाळी मावशींचे पोट फळीसारखे कडक झाले होते आणि हात गार पडले होते. आई मला म्हणाली, "तू शिकलेली आहेस, तू बोलशील. तू जा बरोबर."

मी गेले. पण बोलले नाही.

ज्या रुग्णालयात आम्ही प्रथम पोचलो तेथे खिडकीवरच्या माणसाने विचारले, "काय होतंय?" मागे पंधरा माणसांची रांग होती. त्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थही होते. मी म्हणाले, "पाळीचं दुखतंय." त्याने कागद दिला आणि बाकावर बसायला सांगितले. सुमारे तासाभराने आत घेतल्यावर खरा प्रकार बाहेर आला. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. "कोणी केलं? किती पैसे घेतले? नवरा कुठे आहे? लग्न झालंय ना? ही पोलीस केस आहे, नवऱ्याला बोलवा, मग बघू." नवरा पाळीवर होता, फोन बंद. अशात तीन तास गेले. शेवटी पुण्याला न्या, असे सांगण्यात आले आणि १०८ ची गाडी आली. मावशी चार तास बिनउपचाराच्या राहिल्या. त्यातले तीन तास मी दुसऱ्यांच्या नावावर मांडू शकते. पहिला एक तास माझ्या नावावर आहे, आणि तो मला कुणाच्याही नावावर ढकलता येत नाही.

पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी नाडी धरता धरताच विचारले, "मावशी, दुखतंय कुठे? रक्त किती दिवस जातंय? लघवी शेवटची कधी झाली?" हे विचारताना एका हाताला सलाईन लागलेसुद्धा. मग खाली वाकून हळूच म्हणाल्या, "आत काय घातलं होतं, काडी की औषध, तेवढं सांगा. कोणी घातलं ते नको मला." मावशींनी सगळे सांगितले. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्या कुणापाशी मोकळ्या बोलल्या.

रात्री शस्त्रक्रिया झाली. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीला भोक पडले होते. त्यातून काडी वर जाऊन लहान आतडे फाटले होते. पोटात पू होता. आतड्याचा वीतभर भाग कापून टोके जोडावी लागली. आणि गर्भाशय इतके सडले होते की ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकोणीस दिवसांनी मावशी घरी आल्या.

त्या एकोणीस दिवसांत मी त्या डॉक्टरीणबाईंना पुष्कळ प्रश्न विचारले, व नंतर वाचलेही. त्यातून जे समजले ते सोप्या शब्दांत येथे मांडते. हे आपल्या अभ्यासक्रमात नाही, पण आपल्या प्रत्येकीच्या शरीरात आहे.

गर्भ राहिल्यावर गर्भाशयाची भिंत मऊ होते आणि तिचा रक्तपुरवठा वाढतो. अशा भिंतीत टोकदार वस्तू सहज आरपार जाते, आणि घालणाऱ्या हाताला ते कळतही नाही. काडीबरोबर आत जंतू जातात. गर्भाचा किंवा वारेचा तुकडा आत राहून गेला की तो सडू लागतो. तो तुकडा आत असेतो गर्भाशय नीट आवळत नाही, म्हणून रक्तस्राव थांबत नाही. आणि त्याच तुकड्यावर जंतू पोसले जातात. मग ताप, थंडी, दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात कळा. जंतू रक्तात पसरले की नाडी धावू लागते, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते आणि मूत्रपिंडे काम सोडू लागतात. आतड्याला भोक पडले असेल तर आतली घाण पोटाच्या पोकळीत सांडते. पोट कडक होते ते तेव्हा. धनुर्वाताचे भय निराळेच.

यावर उपचार आहेत, आणि ते फार अवघड शास्त्र नाही. प्रथम शिरेतून सलाईन, लागेल तसे रक्त. त्याच वेळी निरनिराळ्या जातींच्या जंतूंवर चालणारी प्रतिजैविके शिरेतून, कारण येथे एकाच जातीचे जंतू नसतात. धनुर्वाताची सुई. प्रतिजैविके सुरू झाली की गर्भाशयात राहिलेला भाग काढून टाकायचा; ताप पूर्ण उतरेपर्यंत थांबायचे नाही, कारण तापाचे मूळच आत असते. आपल्याकडे याला 'पिशवी धुणे' म्हणतात. पूर्वी हे काम धारदार चमच्यासारख्या अवजाराने खरवडून करीत. आता जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजी हलक्या शोषणाने, म्हणजे निर्वात पंपाने, पिशवी रिकामी करावी असे सांगते. हातात धरायच्या मोठ्या सिरिंजनेही ते होते, वीज नसली तरी चालते. त्यात भिंतीला इजा होण्याची भीती कमी.

एवढ्यावर भागले तर बाई दोनचार दिवसांत घरी जाते. परंतु पोट कडक असेल, भोक पडल्याचा संशय असेल, पू साठला असेल तर पोट उघडावे लागते. भोक लहान असेल तर शिवता येते. आतडे फाटले असेल तर तेवढा भाग कापून जोडतात. मोठे आतडे फार घाण झाले असेल तर काही महिन्यांपुरती शौचाची वाट पोटावर काढून ठेवतात. गर्भाशय काढणे हा अगदी शेवटचा उपाय. म्हणजे पहिल्या दिवशी आलेली बाई सिरिंज व औषधांवर बरी होऊ शकते आणि पाचव्या दिवशी आलेली तीच बाई गर्भाशय गमावते, किंवा जीवही. जखम आणि जंतू तेच असतात. त्यांना हे दिवस बहाल करतो तो आपला मौनाचा शिष्टाचार.

आता मावशींना 'ठाऊक' असलेल्या त्या दोन खोट्या गोष्टींकडे वळू. पोट पाडणे गुन्हा आहे, ही समजूत मुळात निराधार नव्हती. १८६० च्या दंडसंहितेचे ३१२ वे कलम गर्भपात घडवणाऱ्याला शिक्षा सांगत होते आणि त्या गुन्ह्यात खुद्द बाईलाही धरता येत होते. भीतीपोटी बायका काळोखात जात व काळोखातच मरत. हे पाहून सरकारने १९६४ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीचा अहवाल १९६६ साली आला, १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अंमलात आला. म्हणजे या कायद्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. मावशींच्या आईच्या बालपणी झालेला कायदा मावशींपर्यंत पोचला नव्हता!

या कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची संमती द्यावी लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, सासूची तर नाहीच. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती लागते. संततिनियमनाचे साधन फसले, हे कारण १९७१ च्या कायद्यात विवाहितेला मान्य होतेच. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे 'विवाहित स्त्री' ऐवजी 'कोणतीही स्त्री' असा शब्द आला, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरेसे झाले, आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहितेला वगळता येणार नाही. रुग्णेचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि 'पोलीस केस आहे, मग बघू' याचे उत्तर तर त्याहून जुने आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जखमी माणूस दारात आला की प्रथम त्याचा जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर.

गर्भपाताच्या गोळ्याही आपल्या देशात २००२ पासून मान्य आहेत. नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या सुरक्षित आहेत. मात्र गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही आणि नळी फुटून प्राणावर बेतू शकते. म्हणून तपासणी हवी. २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने काढला आहे. त्यातले बहुसंख्य गोळ्यांनी आणि दवाखान्याबाहेर झाले. सुमारे ५ टक्के मात्र काडीसारख्या इतर, बहुधा असुरक्षित मार्गांनी झाले. पाच टक्के म्हणजे थोडे वाटतात. हिशेब केला तर ते पावणेआठ लाख होतात.

येथे कोणी म्हणेल, "बाई, तुम्ही गर्भपाताला मोकळीक मागता, मग मुलींना गर्भातच मारणाऱ्यांचे काय?" आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ येथे गर्भपात करताना एक तरुण विवाहिता दगावली. तपासात गावाजवळ पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. गर्भपात करणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता. कायद्याने त्याला तो अधिकारच नव्हता. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा सर्वप्रथम आपल्याच राज्याने १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ चा. ती बंदी योग्यच आहे आणि कडकपणे पाळली गेली पाहिजे. परंतु गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा. गर्भपात करणे हा सरसकट गुन्हा नव्हे. हे दोन्ही एकत्र कालवल्यामुळे काय झाले? धाडींच्या धाकाने आपल्या राज्यातल्या अनेक औषध दुकानदारांनी त्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले आणि काही डॉक्टरांनी कायदेशीर गर्भपातालाही हात लावणे बंद केले. त्यामुळे गरजू बाई पुन्हा काडीवाल्या म्हातारीकडे जाते, किंवा म्हैसाळसारख्या ठिकाणी. म्हैसाळची ती विवाहितादेखील बंद दरवाजाआडच मेली, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप नीतीचा. हे सोपे केले तर स्वैराचार वाढेल, असे म्हणतात. मला याचे उत्तर पुण्याच्याच इतिहासात सापडले. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे. त्या काळच्या पुण्यात यापेक्षा मोठा 'स्वैराचार' कोणता होता? परंतु त्या घराच्या दारात बाईला पहिला प्रश्न 'बाप कोण?' हा नव्हता. त्याच घरात एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई वारल्या. ज्या मुलाला जगाने जन्मूही दिले नसते, तो रोग्यांची नाडी पाहत होता. आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला दर ३ जानेवारीला हार घालतो. त्यांचे हे काम मात्र भाषणात घाईने उरकतो.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. रक्तस्राव होत असलेली, तापाने फणफणलेली बाई दारात आली की तिला पहिला प्रश्न तिच्या शरीराविषयी विचारला गेला पाहिजे. 'कोणी केलं', 'का केलं', 'नवरा कुठे' हे प्रश्न पहिले असतील, तर तेच पुढच्या बाईला तीन दिवस घरी रोखून धरतात. ती चुलीपाशी बसून त्या प्रश्नांची उत्तरे जुळवत राहते, आणि पोटात जंतू वाढत राहतात. हे दार केवळ रुग्णालयाचे आहे असे मी म्हणत नाही. बाकावरचा शेजारी, वाडीतली सासू, वसतिगृहातली मैत्रीण, आणि खिडकीपाशी 'पाळीचं दुखतंय' म्हणणारी शिकलेली मुलगी, सगळीच दारे.

हे केवळ लिहून थांबणे बरे नव्हे, म्हणून एक साधी सूचना करते. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात सात दिवस असते. आपण रस्ते झाडतो, बंधारे बांधतो, पथनाट्य करतो. त्या सात दिवसांतला एक तास गावातल्या बायकांसाठी ठेवावा. एखाद्या डॉक्टरीणबाईंनी येऊन चारच गोष्टी सांगाव्यात: गर्भपात कायदेशीर आहे, सही फक्त तुमची लागते, पाळी चुकल्यावर जितक्या लवकर याल तितके सोपे, आणि कोठेही, काहीही केलेले असो, ताप, दुर्गंधी, थांबत नसलेले रक्त किंवा कडक पोट असेल तर त्याच दिवशी १०८ ला फोन करून रुग्णालयात या आणि खरे सांगा. मुलांनीही त्या वेळी बाहेर चहा पीत बसू नये. एक दिवस तेही कुणाचे नवरे होणार आहेत. आणि नात्यागोत्यातल्या आशाताईंपाशी बोलायची चोरी असेल, तर दुसऱ्या गावच्या आशाताईंकडे जाण्याची सोय असावी; ही गोष्ट सरकारला फारशी महागही पडणार नाही.

मावशी आता बऱ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्या पुन्हा खाचरात उतरल्या. अर्धा दिवस लावतात, मग बांधावर बसतात. मी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारले, "मावशी, तुम्ही आधी कुणाला बोलला का नाहीत?" रोपांची मूठ बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "बोलणार कुणाला पोरी? कुठं दुखतंय म्हणून इचारलं कुणी? ज्यानं त्यानं इचारलं ते, काय केलंस."

मीही त्या दिवशी एसटीत त्यांच्या शेजारी दीड तास बसले होते. मीही विचारले नव्हते.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (समाजशास्त्र)